सहा भांड्यांची कल्हई, सात महिन्यांनंतर

कल्हई नवी होती तेव्हा एकदा सकाळी साडेसहाला घुसळलेलं ताक मधल्या पातेल्यात ओतलं, वर ताटली झाकली आणि कॉलेजला गेले. दुपारी दीडला घरी आल्यावर वाटीभर ताक काढून सासूबाईंना दिलं. त्यांनी एक घोट घेतला, जिभेवर थोडा वेळ धरला आणि म्हणाल्या, "नाही कळकलं. लागलीय कल्हई."

ही परीक्षा त्यांचीच. नव्या कल्हईच्या भांड्यात पहिल्यांदा ताक ठेवायचं, तेही चांगलं आंबट, आणि सहा-सात तासांनी चाखायचं. ज्यांनी पितळी भांड्यांत स्वयंपाक केलेला नाही त्यांना 'कळकणं' हा शब्द कदाचित नवा असेल. उघड्या पितळेत किंवा तांब्यात ताक, चिंचेची आमटी, टोमॅटोचं सार असं काही आंबट राहिलं की त्यातलं आम्ल धातूला धरतं. तांबं आणि जस्त पदार्थात उतरतं, कडेला हिरवट रेघ येते आणि जिभेवर तुरट, नाणं चाटल्यासारखी चव रेंगाळते. असं ताक पोटात गेलं की मळमळतं, उलट्याही होतात. म्हणून आतून कथिलाचा थर द्यायचा, तीच कल्हई. 1955 सालच्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांतसुद्धा नीट कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यातलं अन्न खाण्यास अयोग्य धरलेलं होतं. आपल्या आज्यांना नियम माहीत नव्हता, पण ताक काचेच्या बरणीत किंवा मातीच्या मडक्यात ठेवायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

गेल्या नोव्हेंबरात एका कल्हईवाल्या चाचांनी आमच्या इमारतीखाली बसून माझी सहा भांडी करून दिली. तेव्हापासून ओळखीतल्या बायका एकच विचारतात: कितीला पडली, टिकते का, आणि मुळात करावी का? सात महिने रोज वापरून झाले, आता उत्तर देता येईल.

भांडी सासूबाईंची. त्यांचं माहेर चिपळूणजवळचं, लग्न 1964 चं. प्रत्येक भांड्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव, त्याखाली साल. तीन पातेली, आमटीची एक सट, एक वेळणी आणि एक ओगराळं, म्हणजे वाढायची खोलगट पळी. वेळणी म्हणजे भात वेळून काढायला पातेल्यावर धरायचं पसरट झाकण. हल्ली कुकरमुळे ते नावच घरातून गेलं. स्टील आलं तशी ही भांडी एकेक करत माळ्यावर चढली, आणि पुण्यात दोनदा घर बदलताना दोन्ही वेळा "मोडीत घालूया का" असा प्रश्न आला. दोन्ही वेळा आईंनी काही न बोलता ती पोत्यात बांधून ठेवली. आईंना आता ब्याऐंशीवं चालू आहे. मागच्या उन्हाळ्यात त्या एकदा जेवताना म्हणाल्या की कढी हल्ली कढीसारखी लागत नाही. त्या तक्रार करणाऱ्यातल्या नाहीत, म्हणून ते वाक्य माझ्या मनात राहिलं.

आधी पातेली नीट करून घ्यायला हवी होती. दोन पातेल्यांना पोचे होते आणि मोठ्याचा बुडखा इतका वर आलेला की ते गॅसच्या जाळीवर डुलायचं. मी ती घेऊन कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेले. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती. बाजारात तांब्याच्या ज्या भांड्यांवर हातोडीच्या खुणांची एकसारखी नक्षी दिसते, ते मठारकाम ही या आळीची ओळख. तिथे एका कारागिरांनी पातेलं लोखंडी खुंटावर पालथं घातलं आणि माझ्यासमोर दहा मिनिटांत पोचे काढून दिले. बुडखा सपाट करताना ते दर पाच-सहा ठोक्यांनी तळहात फिरवून बघत होते, डोळ्यांनी नाही. त्यांनी घेतले ते पैसे मला फारच कमी वाटले, तसं मी त्यांना सांगितलंही. जुनी पितळी भांडी असणाऱ्यांनी कल्हईच्या आधी हे काम जरूर करून घ्यावं. कल्हईनंतर ठोकलं तर आतला थर तडकतो.

कल्हईची पहिली वेळ मात्र वाईट गेली. चाचा भेटायच्या आधी, मागच्या वर्षी एका दुकानात मी मधलं पातेलं एकटंच दिलं होतं. अर्ध्या तासात मिळालं, दोनशे रुपये घेतले, आरशासारखं चमकत होतं. तिसऱ्या आठवड्यात ती चमक काळवंडली. आतून पांढरं फडकं फिरवलं की फडक्यावर शिसपेन्सिलीने गिरवल्यासारखा करडा डाग. दोन महिन्यांत तळाशी पिवळं दिसायला लागलं; 'पितळ उघडं पडणं' मी तेव्हा पहिल्यांदा शब्दशः डोळ्यांनी पाहिलं. आईंनी त्यातली कढी एकदाच खाल्ली आणि वाटी बाजूला ठेवली.

त्या पातेल्याला शुद्ध कथील लावलं होतं की नाही, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण शंका घ्यायला जागा होती. कथील महाग असतं. चाचांच्या म्हणण्याप्रमाणे किलोला तीन हजारांच्या आसपास पडतं. शिसं त्याच्या दहाव्या हिश्शातही येतं, आणि शिसं मिसळलं की काम सोपं होतं. शुद्ध कथील 232 अंशांवर वितळतं, शिसं घातलेलं मिश्रण 183 पासूनच मऊ व्हायला लागतं, म्हणजे कोळसा कमी, वेळ कमी. आणि शिसं हे असं विष आहे की ते थोडं चालतं, असं म्हणायला कुठेही जागा नाही. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. म्हणून या लेखात बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण कल्हई करून घेताना 'कथील कुठलं' हा प्रश्न तोंड उघडून विचाराच.

चाचांचा पत्ता भाजीवाल्या मावशींकडून लागला. त्यांच्या गल्लीत ते वर्षातून दोनदा येतात. फोन केला तर आधी एवढंच विचारलं, "भांडी किती, तोंड किती इंचाचं, आणि खाली बसायला मोकळी जागा आहे का?" दर भांड्याच्या तोंडावर ठरतो. आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये विस्तव पेटवायला परवानगी लागते; ती मिळवायला मला तीन आठवडे आणि दोन अर्ज लागले. शेवटी मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीजवळ, गाड्यांपासून लांब बसायचं असं ठरलं. तुम्ही इमारतीत राहत असाल तर हे आधी उरकून ठेवा.

सकाळी दहाची वेळ ठरली होती, चाचा सव्वाअकराला आले. येताना ससून रुग्णालयाजवळ वाहतूक अडकली होती आणि त्यांनी तसा फोन केला होता, पण माझा रविवार त्यात गेला, हे नोंदवते. जुन्या एम-एटी दुचाकीवर मागे कोळशाचं पोतं, पुढे घमेल्यासारखी लोखंडी भट्टी, तिला जोडलेला हाताने फिरवायचा पंखा. माझं बालपण साताऱ्यातल्या वाड्यात गेलं. तिथे कल्हईवाला अंगणात खड्डा खणायचा, त्यात चामड्याच्या भात्याची नळी पुरायचा आणि आम्ही मुलं भाता ओढायला रांग लावायचो. आता पेव्हर ब्लॉकमध्ये खड्डा कुठून खणणार? बाकी सगळं तेच: सांडशी, कापसाचे बोळे, नवसागराची (अमोनियम क्लोराइडची) पुडी, पाण्याची बादली.

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. नवसागर तापला की त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड सुटतात आणि वर गार हवेत दोन्ही भेटले की पुन्हा पांढरा नवसागर होतो, हे समीकरण वीस वर्षं फळ्यावर लिहीत आले. ते कशासाठी कामाला येतं, हे मी त्या रविवारी पहिल्यांदा जवळून पाहिलं आणि मला फार आनंद झाला.

सगळ्यात जास्त वेळ गेला धुण्यात. चाचांनी आधी प्रत्येक भांडं आतून खळखळून घासलं. चिंचेचा कोळ, बारीक वाळू, मग पातळ केलेलं ॲसिड, मग दोनदा साधं पाणी. एका भांड्याला पंधरा-वीस मिनिटं. मी विचारलं की एवढं कशाला, तर म्हणाले, "ताई, कल्हई दोन मिनिटांची. घासणं हेच काम आहे. मळावर कथील बसत नाही, नुसतं पसरतं."

मग पातेलं भट्टीवर आडवं धरलं, सांडशीने फिरवत फिरवत सगळीकडून तापवलं. किती तापलं, हे बघायला त्यांच्याकडे काही उपकरण नाही. चिमूटभर नवसागर टाकून बघायचा. धूर लगेच उठला तर वेळ झाली. धूर उठला. त्याच क्षणी कथिलाची कांडी तळाला टेकवली, ती लोण्यासारखी वितळली, आणि कापसाचा बोळा नवसागरात बुडवून चाचांनी तळापासून काठापर्यंत गोल फिरवला. पिवळ्या-काळपट पितळेवर चंदेरी रंग हातामागे धावत गेला. हायड्रोजन क्लोराइड धातूवरचा ऑक्साइडचा पापुद्रा खाऊन टाकतं आणि त्या उघड्या, स्वच्छ पितळेला कथील पकडतं; पापुद्रा राहिला तर वितळलेलं कथील कमळाच्या पानावरच्या पाण्यासारखं गोळा होऊन बसतं. पुस्तकातली ओळ आणि कापसाचा तो बोळा, दोन्ही एकाच वेळी माझ्यासमोर होते. चर्र करून पातेलं बादलीत गेलं आणि वर आलं तेव्हा आईंनी वरच्या गॅलरीतून विचारलं, "माझंच ना ते?"

मी चाचांना दुकानातली हकिगत सांगितली होती. सट करायला घेण्याआधी त्यांनी कांडी उचलली, म्हणाले, "कान इकडे करा," आणि माझ्या कानाशी ती हळूच वाकवली. कर्रकर्र असा बारीक आवाज आला, वाळलेलं पान मुठीत चुरगाळावं तसा. "शुद्ध कथील रडतं. शिसं घातलं की गप्प बसतं." हा आवाज खरा असतो. कथील वाकताना आतले स्फटिक सरकतात आणि तो आवाज होतो. शिशाचं प्रमाण वाढलं की तो हरवतो. दुसरी खूण त्यांनी माझ्या वहीच्या कोऱ्या पानावर दाखवली. कांडीने रेघ ओढली, जेमतेम अंधूक उमटली. मग खिशातून वजनाच्या काट्याचा शिशाचा जुना तुकडा काढून शेजारी रेघ ओढली. पेन्सिलीची असावी तशी ठळक करडी रेघ. मला लगेच त्या फडक्यावरचा डाग आठवला. या दोन्ही खुणा घरी कुणालाही करता येतात आणि फसवणारा माणूस त्यांना सहसा तयार होत नाही.

पैसे असे झाले: मोठं पातेलं 450, सट 400, मधलं 350, दुधाचं छोटं 250, वेळणी 200, ओगराळं 150. एकूण 1,800 रुपये. स्टीलची सहा नवी भांडी जवळपास तेवढ्यात येतील, हे मला माहीत आहे. पण अडीच तास विस्तवासमोर बसून, हाताने घासून, महागाचं कथील वापरून केलेल्या कामाला हा दर जास्त आहे, असं मला वाटत नाही. मी घासाघीस केली नाही.

कामात दोन उणिवा राहिल्या. ओगराळ्याच्या दांड्याच्या सांध्यापाशी नखाएवढी जागा कोरी राहिली, आणि मोठ्या पातेल्याच्या गळ्याशी कथिलाचा जाडसर ओघळ गोठला. संध्याकाळी उजेडात नीट पाहिल्यावर लक्षात आलं. फोन केला. पुढच्या गुरुवारी जवळच्या भागात काम होतं तेव्हा चाचा येऊन दोन्ही नीट करून गेले, एक पैसाही न घेता. तो ओघळ मात्र पूर्ण गेला नाही. दिसतो, पण त्रास काही नाही.

धुराबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. नवसागराचा पांढरा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. आमच्या पहिल्या मजल्यावरच्या काकांना दमा आहे. त्यांना आदल्या दिवशी सांगून त्या बाजूच्या खिडक्या बंद करून घेतल्या होत्या. चाचा स्वतः हातमोजे घालत नाहीत, तोंडाला काही बांधत नाहीत. मी प्रयोगशाळेतला मास्क आणून दिला, तो त्यांनी थोडा वेळ लावला आणि घाम येतो म्हणून काढला. चाळीस वर्षांचा त्यांचा खोकला मला ऐकू येत होता. जाताना मास्कचं पाकीट त्यांच्या पिशवीत ठेवलं. पुढच्या वेळी लावलेला असेल, अशी आशा आहे. ॲसिडचं पाणीही पेव्हर ब्लॉकवर सांडून एक पांढरा पट्टा उरला आहे. तेव्हाच भरपूर पाणी ओतलं असतं तर उरला नसता. ती चूक माझीही आहे, मी शेजारीच उभी होते.

आता वापराबद्दल. कढीचा विषय आधी, कारण हे सगळं तिच्यासाठीच केलं. पितळ स्टीलपेक्षा सहा-सातपट तरी चांगली उष्णता वाहतं. स्टीलच्या पातेल्यात ज्योतीच्या वर एक तापलेलं वर्तुळ तयार होतं आणि तिथेच कढी आधी उकळते, फाटते. पितळेत ऊब सगळ्या बुडखाभर आणि थोडी बाजूंनाही पसरते, म्हणून कढी कडेने शहारते आणि सावकाश वर येते. बेसन कमी लागतं, सारखं ढवळावं लागत नाही. आईंनी पहिल्या दिवशी दोन वाट्या घेतल्या. दुसरी घेताना त्या काही बोलल्या नाहीत, भातावर ओतून घेतली एवढंच.

छोट्या पातेल्यात दूध तापवते. सात महिन्यांत एकदाही बुडाला लागलेलं नाही, साय जाड येते. सटीत आठवड्यातून दोनदा अळूचं फदफदं किंवा चिंचगुळाची आमटी. मऊ भात आणि मुगाची खिचडी मोठ्या पातेल्यात, आणि ती खिचडी तळाशी करपत नाही, हे एकट्याने मुलं सांभाळत स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही समजेल की किती मोठं सुख आहे.

पण सवयी बदलाव्या लागतात. कथील 232 अंशांना वितळतं आणि गॅसवर रिकामं पातेलं दोन मिनिटं विसरलं तरी तिथवर सहज पोचतं. त्यामुळे आधी पाणी किंवा पदार्थ, मग ज्योत. फोडणी मी या भांड्यात करत नाही. लोखंडी पळीत करून वरून ओतते. तेल धुरावण्याइतकं तापलं की ते कथिलाच्या वितळण्याच्या अगदी जवळ जातं. आत लाकडी डाव चालतो, स्टीलचा झारा नको. दुसऱ्याच आठवड्यात आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींनी मधल्या पातेल्याला तारेची घासणी लावली आणि आत बारीक ओरखड्यांचं जाळं उमटलं. दोष त्यांचा नाही, मी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी त्यांना वर बोलावून भांडी दाखवली, त्या म्हणाल्या, "आमच्या गावाकडं होती की असली, शेंडीनं घासायचो." तेव्हापासून नारळाची शेंडी आणि साधा साबण. बाहेरून लिंबू-मीठ किंवा पितांबरी, आत पितांबरी कधीच नाही. आणि स्वयंपाक झाला की आंबट पदार्थ दुसऱ्या भांड्यात काढायचा, रात्रभर त्यातच ठेवायचा नाही. कल्हई शाबूत असली तरी हा नियम आई पाळतात, मीही पाळते.

सात महिन्यांनंतर स्थिती अशी. दुधाचं पातेलं, वेळणी आणि ओगराळं जवळजवळ पहिल्या दिवसासारखं. चमक गेलीय, रंग रुपेरी-राखी झालाय, पण तसा तो व्हायचाच. सट उत्तम. मोठ्या पातेल्याच्या तळाशी थोडा मळकट डाग, पितळ दिसत नाही. मधलं पातेलं रोजचं, शिवाय तेच तारेच्या घासणीचं, त्याला पाचव्या महिन्यानंतर तळाच्या कडेला बोटभर लांबीची पिवळसर कोर दिसायला लागली. ते मी आंबटासाठी वापरणं थांबवलंय, फक्त पाणी आणि वरणासाठी वापरते. पांढरं फडकं मात्र आजही सगळ्यांतून कोरंच बाहेर येतं. म्हणजे रोज वापरलं तर सहा महिने, सांभाळून वापरलं तर वर्ष, असा माझा हिशेब. जो कोणी तुम्हाला पाच वर्षांची हमी देतो त्याच्यापासून चार हात लांब राहा.

करावी का? घरात जुनी, जाड पत्र्याची पितळी पातेली पडून असतील तर जरूर करा. आठवड्यातून तीन-चार वेळा तरी वापरणार असाल तरच. कढईला मात्र करू नका. तळण आणि परतण कल्हईला सोसत नाही, त्यासाठी लोखंड किंवा बिडाची कढई चांगली. पातळ पत्र्याची नवी 'कल्हईयुक्त' भांडी ऑनलाइन मिळतात, त्यातलं एक शेजारणीने घेतलं. आतला थर इतका एकसारखा आणि चकचकीत आहे की मी तिला आधी कागदावर रेघ ओढून बघायला सांगितलं. आम्ही दोघी अजून ते करून बघणार आहोत.

कथिलाची दोन बोटं लांबीची कांडी उरली होती, ती चाचांनी मला दिली. डिसेंबरमध्ये अकरावीला गट 13, 14 आणि 15 ची मूलद्रव्यं शिकवताना मी ती वर्गात नेली. एकेकाच्या कानाशी वाकवायला दिली. पहिल्या बाकावरच्या मुलीने दचकून कांडी खाली टाकली, मग पुन्हा मागून घेतली. सगळा वर्ग गप्प बसून एकमेकांच्या कानाशी कांडी धरत होता. "मॅडम, रडतंय खरंच." एक मुलगा म्हणाला की त्याच्या आजोबांकडे गावी मोठा पितळी टोप आहे, त्याला कोण कल्हई करून देईल? मी फोन नंबर दिला. शेवटच्या बाकापर्यंत पोचेस्तोवर कांडी मधोमध तुटली. तिचा एक तुकडा आता माझ्या टेबलाच्या खणात आहे, दुसरा त्या मुलाने मागून नेला.